पुन्हा उभ्या केलेल्या हीथवर कोळी आणि कीटक शोधताना

दक्षिण इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या माझ्या पहिल्या हंगामाचा हिशेब मांडला, तेव्हा पाइनची लागवड तोडून जेमतेम तीन वर्षे झालेल्या तुकड्यावर शेजारच्या जुन्या हीथपेक्षा, म्हणजे बुटक्या झुडपांच्या माळरानापेक्षा, कोळ्यांच्या जास्त प्रजाती दिसत होत्या. मला फार आनंद झाला आणि पुनर्स्थापना यशस्वी झाल्याचे वाक्य मी प्रबंधाच्या मसुद्यात लिहूनही टाकले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी मसुदा परत दिला तेव्हा त्या वाक्याशेजारी समासात एकच प्रश्न होता: यातल्या हीथच्या किती? त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात माझा पुढचा सबंध हिवाळा सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि या कामाबद्दल मला जे काही कळले आहे ते बहुतांशी त्याच हिवाळ्यात कळले. पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा हंगामी नोकरीसाठी जे या क्षेत्रात येऊ पाहत आहेत, त्यांच्यासाठी ते इथे सविस्तर लिहीत आहे.

हीथ म्हणजे आम्लधर्मी, निकस, बहुधा वाळूच्या जमिनीवर पसरलेली बुटक्या झुडपांची माळरानासारखी जागा. हेदरच्या दोन-तीन जाती, काटेरी पिवळा गॉर्स, ओलसर खोलगट भागांत शेवाळ आणि मूर-ग्रास, आणि मधूनमधून उघडी वाळू, असे तिचे रूप असते. ही भूमी पूर्णपणे निसर्गनिर्मित नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने झाडे तोडली, पुढे गुरे चारली, सरपणासाठी गॉर्स आणि मुळांसकट मातीचे थर कापून नेले, म्हणून ती मोकळी राहिली. ही कामे थांबली की बर्च आणि पाइन तिचा ताबा घेतात. इंग्लंडमधली ८० टक्क्यांहून अधिक सखल हीथ १८०० नंतर नष्ट झाली. काही शेतीखाली गेली, काही घरांखाली, आणि १९१९ मध्ये वनखाते स्थापन झाल्यावर बरीच पाइनच्या लागवडीखाली गेली. मी रत्नागिरीच्या सड्यावर वाढले. ज्या कातळावर पावसाळ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही इतकी फुले येतात, त्याची नोंद सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ अशी होते, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. त्यामुळे निकस म्हणून टाकून दिलेल्या जमिनीला जपणारी माणसे इथे भेटली, तेव्हा मला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली.

हीथ पुन्हा उभी करण्याच्या पद्धती समजून घेतल्याशिवाय सर्वेक्षणाला हात घालू नये, कारण कुठला प्राणी कधी येणार हे त्या पद्धतींवरच ठरते. पाइन तोडल्यावर सुयांचा जाड थर आणि वरची सुपीक झालेली माती खरवडून काढतात. इथे सुपीकता हाच शत्रू असतो, हे आपल्याकडच्या शेतकरी घरातल्या मुलांना सुरुवातीला पटत नाही. हेदरचे बी मातीत अनेक दशके तग धरून राहते, त्यामुळे काही ठिकाणी ते आपोआप उगवते. जिथे उगवत नाही तिथे जवळच्या हीथवरून बियांसकट कापलेल्या फांद्या आणून पसरतात. पूर्वी शेती झालेल्या जमिनीत आम्लता परत आणण्यासाठी गंधकही वापरले गेले आहे. नंतर तट्टू आणि गुरे चरायला सोडतात. हेदरच्या झुडपाच्या आयुष्याचे चार टप्पे मानले जातात: उगवतीचा, भरीचा, प्रौढ आणि मोडकळीचा. शेवटच्या टप्प्यात, साधारण पंचवीस वर्षांनी, झुडूप मधोमध फाकते आणि आतली जमीन पुन्हा उघडी पडते. प्रत्येक टप्प्यातले कोळी वेगळे असतात. आपण ज्या तुकड्यावर उभे आहोत तो कोणत्या टप्प्यात आहे, ही नोंद वहीच्या पहिल्या ओळीत असलीच पाहिजे.

आता पद्धतींकडे वळते. जमिनीवर फिरणाऱ्या कोळ्यांसाठी आणि भुंगेऱ्यांसाठी पिटफॉल सापळा वापरतात. प्लॅस्टिकचा पेला जमिनीत गाडायचा, त्यात नमुने मारून टिकवणारे प्रॉपिलीन ग्लायकोल हे द्रव आणि साबणाचा एखादा थेंब घालायचा, वर पावसापासून आडोसा म्हणून छोटे छप्पर ठेवायचे आणि दोन आठवड्यांनी पेला उचलायचा, इतके ते सोपे दिसते. प्रत्यक्षात पेल्याची कड जमिनीच्या वर केसभर जरी राहिली, तरी छोटे कोळी तिला वळसा घालून निघून जातात. म्हणून पेला बसवल्यावर मी पालथी पडून, गाल जमिनीला टेकवून, कडेकडेने बोट फिरवून पाहते आणि वाळू चिमटीने भरून सपाट करते. एका सापळ्याला यात दहा मिनिटे जातात आणि ती जायलाच हवीत. पेल्यावर तारेची जाळी बसवणेही आवश्यक आहे, कारण हीथ हे वाळूतल्या सरड्यांचे घर आहे, आणि चिचुंद्रीसारखे दिसणारे श्रू नावाचे प्राणीही पेल्यात पडून मरू शकतात. या दोघांनाही कायद्याचे संरक्षण आहे.

या सापळ्याचा एक दोष मात्र मनात पक्का धरून ठेवावा. जागेवर किती कोळी आहेत हे पिटफॉल सांगत नाही, तर किती कोळी चालत आले हे सांगतो. उघड्या वाळूवर कोळी वेगाने धावतात. दाट हेदरमध्ये त्याच कोळ्याला पावलोपावली काड्यांचा अडथळा होतो. त्यामुळे नुकत्याच खरवडलेल्या जागेवरचे पेले भरभरून येतात आणि जुन्या हीथवरचे रिकामे दिसतात. माझ्या पहिल्या तक्त्यातला अर्धा आनंद या एका कारणाने फोल होता.

उपाय म्हणजे एकाच पद्धतीवर न विसंबणे. हेदरच्या फांद्यांतले कोळी मिळवण्यासाठी पालापाचोळा उडवायचे यंत्र उलट्या दिशेने चालवून, तोंडाशी बारीक जाळी लावून, ठरावीक सेकंद हवा ओढून घेतात. हे काम दव पूर्ण वाळल्याशिवाय करू नये, कारण ओल्या जाळीत छोटे कोळी चिकटून चिरडतात आणि ओळखण्याच्या पलीकडे जातात. जरा ताठ झुडपांखाली पांढरा कापडी ट्रे धरून वर काठीने झटके द्यावेत. साधी स्वीप जाळी गवतावर चांगली चालते, हेदरवर ती लवकर फाटते. आणि ज्याला पर्याय नाही ते काम म्हणजे घड्याळ लावून, गुडघे टेकून, डोळ्यांनी शोधणे.

डोळ्यांनीच शोधायच्या प्राण्यांमध्ये माझा सर्वांत आवडता म्हणजे थोमिसस ऑनस्टस हा खेकडा-कोळी. जूनमध्ये ओलसर भागात हेदरच्या कुळातल्या क्रॉस-लीव्ह्ड हीथ या झुडपाला गुलाबी घंटांसारखी फुले येतात, त्या झुबक्यात मादी बसलेली असते आणि तिचा रंग फुलाच्या गुलाबीशी इतका जुळतो की नजर तिच्यावरून चार वेळा फिरली तरी ती दिसत नाही. पोटाच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांवरची टोके दिसली की मग ओळख पटते. मी तिला शोधायची एक युक्ती शिकले आहे: जी मधमाशी फुलावर हालचाल न करता लटकलेली दिसते, तिच्या खाली पाहावे.

उघड्या वाळूच्या बांधांवर थांबणेही तितकेच फलदायी असते. अ‍ॅमोफिला ही बारीक कमरेची गांधीलमाशी वाळूत बीळ करते, लुळी केलेली अळी ओढत आणून आत ठेवते, तिच्यावर अंडे घालते आणि नंतर बारीक खडे निवडून बिळाचे तोंड बंद करते. तिने एक खडा उचलून बसवून पाहिला, तो मोठा झाला म्हणून टाकला आणि दुसरा आणला, हे मी हातभर अंतरावरून पाहिले आहे. अशी बिळे असलेला वाळूचा पट्टा दिसला, तर त्याची लांबी, उतार आणि तोंडाची दिशा लिहून घ्यावी. दक्षिणेकडे तोंड असलेली, उन्हाने तापलेली वाळू इथल्या अनेक दुर्मीळ कीटकांची गरज आहे, आणि पुनर्स्थापनेच्या आराखड्यांत नेमकी तीच विसरली जाते. सगळीकडे जांभळे हेदर पसरले की पाहणाऱ्याला समाधान मिळते. मला मात्र मध्ये वाळूचे डाग दिसले नाहीत तर काळजी वाटते.

नोंदींच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक सांगितली पाहिजे. पहिल्या महिन्यात मी नमुन्यांच्या कुपीत टाकायच्या चिठ्ठ्या जेल पेनने लिहिल्या. ७० टक्के अल्कोहोलमध्ये ती शाई विरघळली आणि दोन आठवड्यांच्या सगळ्या कुप्या निनावी झाल्या. ज्या जिवांना मी मारले होते, त्यांचा कोणालाच उपयोग झाला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. चिठ्ठी शिसपेन्सिलने लिहावी, कुपीच्या आत टाकावी आणि तीवर तारीख, सापळ्याचा क्रमांक, नकाशावरची ग्रिड-संख्या आणि गोळा करणाऱ्याचे नाव असावे.

मारण्याचा प्रश्न आपल्याकडून आलेल्या अनेकांना छळतो, आणि तो छळावा असेच मला वाटते. बहुतेक कोळी जागेवर नुसते पाहून प्रजातीपर्यंत ओळखता येत नाहीत. नराचे पॅल्प आणि मादीची एपिजाइन हे प्रजननाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात आणि पिल्लांच्या बाबतीत तर तेही शक्य नसते. म्हणून सापळे आधी ठरवलेल्या संख्येपेक्षा एकही जास्त लावू नयेत, भिंगाखाली ओळख पटणारे कोळी तिथेच सोडावेत आणि उचललेला प्रत्येक नमुना ओळखून पूर्ण करावा.

मार्गदर्शक बाईंच्या प्रश्नाचे उत्तर असे निघाले, की नव्या तुकड्यावरच्या प्रजातींपैकी बहुसंख्य एरिगोने आणि टेन्युइफँटेससारख्या चिमुकल्या मनी स्पायडरच्या होत्या. हे कोळी रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून कुठेही उतरतात. नांगरलेल्या शेतात, रस्त्याच्या कडेला, नुकत्याच खरवडलेल्या मातीवरही. १९८४ मध्ये एन. आर. वेब आणि पी. जे. हॉपकिन्स यांनी डॉर्सेटच्या तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या हीथवर काम करून दाखवले होते, की लहान तुकड्यांवर मोठ्या हीथपेक्षा जास्त प्रजाती सापडतात, कारण आजूबाजूच्या वनस्पतींतले प्राणी आत शिरतात. म्हणजे एकूण संख्या वाढणे हे कधीकधी हीथ बिघडल्याचेही लक्षण असते. म्हणून आता मी यादी हातात आली की आधी तिचे दोन भाग करते: हीथवाचून जगू न शकणारे, आणि बाकीचे. अहवालात पहिल्या भागाविषयी लिहिते. त्यातला एखादा अपेक्षित प्राणी सापडला नसेल तर तेही लिहिते, कारण सिल्व्हर-स्टडेड ब्लू फुलपाखरासारखे, मुंग्यांच्या सोबतीने वाढणारे आणि आपल्या जागेपासून फारसे दूर न जाणारे जीव शेजारच्या तुकड्यावर पोचायलाही कित्येक वर्षे घेतात.

काही प्राण्यांना तर माणसानेच नेऊन पोचवावे लागते. लेडीबर्ड स्पायडर हा, ज्याच्या प्रौढ नराच्या लाल पाठीवर काळे ठिपके असतात, तो कोळी ब्रिटनमधून नाहीसा झाला असे समजले जात होते. १९८० मध्ये तो डॉर्सेटमध्ये एका जागी पुन्हा सापडला आणि १९९४ च्या मोजणीत फक्त ५६ कोळी आढळले. पुढे पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक बाटल्यांत हेदर आणि शेवाळ भरून, त्यात कोळ्यांना बिळे करू देऊन, त्या बाटल्या नव्या जागी जमिनीत ठेवण्यात आल्या. २०११ मध्ये डॉर्सेटमधल्याच आर्नच्या हीथवर असेच केले गेले. हा कोळी कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे त्याच्या परिसरात परवान्याशिवाय खोदकाम करू नये. दुसरे उदाहरण ग्रेट फॉक्स-स्पायडर या लांडगा-कोळ्याचे. पाव शतकाहून अधिक काळ न दिसलेला हा कोळी २०२० मध्ये सरे परगण्यातल्या लष्करी सरावाच्या जमिनीवर कोळी-अभ्यासक माइक वेट यांना सापडला, तेही त्यांनी दोन वर्षे रात्री टॉर्च घेऊन फिरल्यावर. टॉर्च स्वतःच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला की लांडगा-कोळ्यांचे डोळे दुरून चमकतात. रात्रीचे काम करायचे असेल तर सोबत माणूस असावा.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगते. जागेच्या मालकाची लेखी परवानगी घ्यावी. जागा संरक्षित असेल तर नॅचरल इंग्लंड या निसर्गसंवर्धनाच्या सरकारी संस्थेची संमतीही लागते आणि ती मिळायला वेळ लागतो, म्हणून हिवाळ्यातच अर्ज करावा. पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर अंगभर गोचिडी तपासाव्यात, कारण त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. लष्करी जमिनीवर पडलेल्या कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावू नये. विद्यार्थी व्हिसावर सत्राच्या काळात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही आणि स्वतंत्र कंत्राटावर तर मुळीच नाही. सर्वेक्षणाची बरीच कामे कंत्राटी असतात, तेव्हा नेमणूक नोकरी म्हणून आहे का, हे आधी विचारावे. भारतीय वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालतो, आणि बस न जाणाऱ्या हीथवर पहाटे पोचायचे तर गाडी चालवता येणे ही खरी पात्रता ठरते.

आणि ओळखायला शिकावे. नोकरीच्या मुलाखतीत मला पदवीबद्दल फारसे विचारले नाही. चार कुप्या पुढे ठेवल्या आणि सूक्ष्मदर्शक सुरू करून दिला. एका कुपीतला कोळी मी कुळापर्यंतच नेऊ शकले आणि तसे स्पष्ट सांगितले. खात्री नसताना नाव ठोकून देणारा सर्वेक्षक कोणालाच नको असतो, कारण चुकीची नोंद एकदा राष्ट्रीय माहितीसाठ्यात गेली की काढणे कठीण होते. ब्रिटनमध्ये कोळ्यांच्या नोंदी गोळा करण्याची योजना १९८७ पासून चालू आहे आणि तिचे तपासनीस अनोळखी नवशिक्याच्या कुप्याही मनापासून पाहतात. हंगाम संपला की नमुने कपाटात न ठेवता, शंका असलेल्या कुप्या वेगळ्या काढून, ग्रिड-संख्येसह त्यांच्याकडे पाठवाव्यात आणि त्यांनी दुरुस्त केलेली नावे आपल्या तक्त्यात त्याच दिवशी बदलून घ्यावीत.