लडाखमध्ये 'उडती तबकडी' दिसली? आधी या चुका टाळा

पँगाँगहून परतलेल्या मंडळींचे व्हिडिओ मला दर सीझनला येतात. काळाकुट्ट पडदा, मध्ये थरथरणारा पांढरा ठिपका आणि मागून आवाज, "अरे हलतंय, हलतंय!" किती वाजता काढला, तोंड कुठल्या दिशेला होतं, असं विचारलं की उत्तर येतं, "रात्री काढलाय दादा."

वेळ आणि दिशा न लिहिणं ही सगळ्यात महागडी चूक. याच सरोवराच्या परिसरात, चीनच्या सीमेलगत, ऑगस्ट 2012 ते फेब्रुवारी 2013 या काळात आपल्या लष्कराने अनोळखी प्रकाशांच्या 329 नोंदी केल्या. संशय चिनी ड्रोनचा होता. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे प्रकरण गेलं आणि पुन्हापुन्हा दिसणारे ते दोन 'ड्रोन' निघाले गुरू आणि शुक्र. बातमी आल्यावर लोक खूप हसले. मला नाही हसू आलं. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास येते, दुसरी पहाटे चारला, एवढं टिपलेलं होतं म्हणून तर शास्त्रज्ञांना ताडून बघता आलं. तुमच्या व्हिडिओत ताडायला काय आहे?

दुसरी चूक माझ्या लाडाची, कारण तिच्यात मीही फसलोय. सप्टेंबर 2023, पँगाँगच्या काठचं स्पँगमिक गाव. पहाटे चारला आमच्या ग्रुपमधल्या एकाने तंबू हलवला. "उठा, पलीकडे काहीतरी घिरट्या घालतंय!" बाहेर आलो तर पूर्वेच्या डोंगरावर शुक्र, त्या महिन्यात भलताच तेजस्वी. मी म्हटलं, झोपा. पण अंगात पाच कपडे घालून उठलोच होतो, म्हणून टक लावून बघत बसलो, आणि दोन मिनिटांत तो मलाही डावीकडे सरकलेला दिसला! काळोखात एकट्या ठिपक्याकडे बघत राहिलं की असं होतं. आजूबाजूला तुलनेला काही नसल्याने स्थिर ठिपकाही मेंदूला भटकताना वाटतो. मग मी खुर्चीत बसून डोकं मागे टेकवलं आणि ठिपका तंबूच्या काठीच्या टोकाशी जुळवला. घिरट्या बंद. आकाश ताशी 15 अंश सरकतं आणि हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंश भरते. चाळीस मिनिटांत ठिपका मूठभर सरकला, तर तो आकाशाचाच. पण चाळीस मिनिटं थांबतो कोण? आमच्या गड्याने दहाव्या मिनिटाला स्टेटस टाकलं होतं.

गाडीतून बघताना 'तो आपला पाठलाग करतोय' वाटलं, तर गाडी थांबवा. तोही थांबेल.

मोबाइलचा झूम वापरू नका. फोकस चुकलेला तारा स्क्रीनवर तबकडीच दिसतो, आणि मग त्यात खिडक्याही दिसायला लागतात. लाल-निळा लुकलुकणारा म्हणजे बहुतेक व्याधाचा तारा. एका रांगेत सरकणारे दिवे म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह.

डोंगर विसरणं ही आणखी एक गंमत. अमावास्येला डोंगर दिसत नाही, त्यावरून उतरणाऱ्या ट्रकचा दिवा मात्र दिसतो, तोही चक्क आकाशात. टेक्ससच्या वाळवंटातल्या मार्फा गावाजवळचे गूढ दिवे खूप गाजलेले आहेत. 2004 मध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तिथे मोजमाप केलं, तर त्यांनी पाहिलेले दिवे हायवे 67 वरच्या गाड्यांचे निघाले. म्हणून मी कुठेही गेलो की उजेड असतानाच क्षितिजाचा फोटो काढतो आणि रस्ता कुठून जातो ते ड्रायव्हरला विचारून ठेवतो.

राहिलं अॅप. आकाशात कुठे काय आहे ते दाखवणारं स्टेलॅरियम घ्या, पण लेहलाच उतरवून घ्या, पुढे नेटचा भरवसा नाही. स्क्रीन लाल करा, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा आंधळे. आणि ठिकाण 'पुणे' राहिलंय का तेवढं बघा. हे मला दरवर्षी निदान दोघांना सांगावं लागतं.