तांब्या, खिडकी आणि थर्माकोलचा तुकडा

शाळेत असताना इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ‘स्थिरचित्र’ हा पेपर असायचा. टेबलावर किटली, दोन वांगी, मागे चुण्या पाडलेला पडदा. आमचे चित्रकलेचे सर सांगायचे, “आधी दहा मिनिटं नुसतं बघा. पेन्सिल नंतर.” पेपर सुटायची वेळ जवळ येत असताना दहा मिनिटं घालवायची म्हणजे काय, असं मला वाटायचं. पुढे कॅमेऱ्याने वस्तू टिपायला लागले आणि ती दहा मिनिटं व्याजासकट भरावी लागली.

सुरुवात घर रिकामं करताना झाली. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही वर्तकनगरला भाड्याने आलो. माळ्यावरच्या खोक्यांतून आजीचा पितळी तांब्या, अडकित्ता, दगडी खल असं बरंच काही निघालं. तांब्या चिंचेने घासून लख्ख केला, टेबलावर ठेवला, ट्यूबलाइट लावली आणि मोबाइलने फोटो काढला. आईने बघितला आणि म्हणाली, “अगं, तांब्या सोडून घरातलं सगळं आलंय की यात!” खरंच होतं. तांब्याच्या पोटावर ट्यूबलाइटची पांढरी रेघ, पंखा, दोरीवरचे टॉवेल आणि मधोमध फोन धरलेली, लांबट झालेली मी.

पितळ, स्टील किंवा काचेचं भांडं टिपताना हे आधी ओळखायचं. चकाकत्या भांड्यावर समोरचं सगळं उमटतं, म्हणून भांड्यावर प्रकाश पाडण्याची खटपट सोडून त्याला काय दिसतंय ते आधी आवरायचं. मी खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवला, तेव्हा तांब्याला एक मोठा, शांत पांढरा पट्टा दिसू लागला आणि पोटाची गोलाई उजेडाकडून सावलीकडे हळूहळू वळली. दुसऱ्या बाजूला काळा कार्डपेपर उभा केल्यावर कडेला गडद रेघ आली आणि तांब्या पार्श्वभूमीपासून सुटा झाला. मी स्वतः काळा कुर्ता घालून मागे सरकले आणि दुप्पट झूमची लेन्स लावली. मोबाइलच्या वाइड लेन्सने जवळून काढलं तर गोल भांडं फुगतं आणि त्याचा गळा वाकडा दिसतो.

म्हणून नव्यांना माझं सांगणं असं की कॅमेऱ्याच्या दुकानात जाण्याआधी घरातली एक खिडकी निवडा आणि आठवडाभर दर दोन तासांनी तिथला उजेड वहीत टिपून ठेवा. उत्तरेची खिडकी चांगली, तिथे थेट ऊन येत नाही, असं सगळे सांगतात. ते थंड देशांतलं गणित आहे. आपल्या ठाण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून थोडा उत्तरेकडे असतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरपं ऊन आत येतं. पहिल्या वर्षी मला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वर्षी समोरच्या इमारतीने पावसाळ्यासाठी गच्चीपासून निळी ताडपत्री सोडली आणि माझ्या फोटोंतले पांढरे पोहे चार महिने निळसर झाले. अशा वेळी वस्तूच्या जागी कोरा पांढरा कागद ठेवून त्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी, लावून घ्यायचा. ट्यूबलाइट मात्र बंदच. खिडकीचा एक रंग आणि ट्यूबचा दुसरा, असे दोन रंग एकाच वस्तूवर पडले की नंतर निस्तरणं फार कटकटीचं.

वस्तू खिडकीच्या जवळ नेली की सावल्यांच्या कडा मऊ होतात आणि मागचा भाग भराभर काळोखात जातो. दूर नेली की पुढचं-मागचं सारख्या उजेडात येतं, पण सावल्या कडक होतात. टेबल हातभर पुढे-मागे करून बघितलंत तर हे पुस्तकापेक्षा लवकर समजेल. सावली फारच गडद वाटली तर थर्माकोलचा तुकडा पलीकडून टेकवा. जांभळी नाक्याच्या बाजारात थर्माकोल, कार्डपेपर, ट्रेसिंग पेपर सगळं एका फेरीत मिळतं. ओटा बसवताना उरलेला कडाप्पा ठेकेदाराकडून मागून घ्या. त्याच्याइतका देखणा काळा तळ विकत मिळत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगते. ट्रायपॉड, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं लेन्सचं छिद्र) एफ ८, दोन सेकंदांचा टायमर. शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी चालतं, तांब्या कुठे पळणार आहे! पंखा तेवढा बंद करा, पडद्याची चुणी हलते. मोबाइल असेल तर पडद्यावर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड दोन्ही लॉक करा. पोहे, साबुदाणा, मीठ अशा पांढऱ्या वस्तू कॅमेरा राखाडी करतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक घर वर न्या. कडाप्प्यासारखं काळं असेल तर एक घर खाली.

काय टिपायचं, हा प्रश्न नवखे सारखा विचारतात. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली. ती मिरची आज छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. आपल्याकडे ढोबळी मिरची रोज मंडईत आहे आणि नरसाळं रॉकेलच्या काळापासून घरात पडून आहे. प्रागच्या योसेफ सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीशी पुन्हा पुन्हा कॅमेरा लावत राहिला. त्याचे पाण्याच्या साध्या ग्लासाचे फोटो बघा आणि मग आपला स्टीलचा पेला बघा.

कामं मिळू लागली ती ओळखीतून. पहिलं काम आमच्याच सोसायटीतल्या काकूंच्या मेतकूट आणि भाजणीच्या पाकिटांचं. त्यांना अ‍ॅमेझॉनवर विकायचं होतं. तिथे मुख्य फोटोला अगदी शुभ्र पार्श्वभूमी लागते आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. हा फोटो कंटाळवाणा असतो, पण पैसे देणारं गिऱ्हाईक आधी तोच मागतं. सोबतच्या सजावटीच्या फोटोंत गोणपाट, सांडलेली हळद आणि दालचिनीच्या दोन काड्या घालायचा मोह टाळा. आमच्या काकूंनी आयुष्यात कधी ओट्यावर हळद सांडू दिलेली नाही, तर फोटोत कशी सांडेल? मेतकूट मऊ भातावर घातलं, वर तुपाची धार सोडली आणि वाफ दिसायला मागे काळा कार्डपेपर लावला. काकूंना तोच फोटो आवडला. एका व्यावसायिकाने मात्र चाळीस फोटो घेतले आणि पैशांच्या वेळी फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून निम्मे पैसे हातात आल्याशिवाय मी ट्रायपॉड उघडत नाही.

गौरी आल्या की तांब्या पूजेसाठी आईला परत द्यायचा आहे. तोवर त्याची आतली बाजू टिपायची आहे. कल्हई जिथे उडाली आहे तिथे खाली पितळ पिवळं डोकावतं. वरून बघायला गेलं की कॅमेऱ्याचीच सावली तोंडावर पडते. काल आरशाचा तुकडा टेकवून खिडकीचा उजेड आत सोडून बघितला, तर तळाशी पुन्हा आमचा पंखा.