डेबियनमध्ये एकाच फाईलवर दोन पॅकेजेसचा हक्क: काय करायचं

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स सिस्टिम्सवर एखादं पॅकेज इन्स्टॉल करताना डीपीकेजी (dpkg, पॅकेजेस बसवणारं आणि काढणारं टूल) मधेच थांबतं आणि सांगतं की ही फाईल आधीच दुसऱ्या पॅकेजची आहे, मी ओव्हरराईट करणार नाही. तेव्हा लगेच फोर्स-ओव्हरराईट (--force-overwrite, म्हणजे जबरदस्तीने फाईलवर लिहायला लावणारा ऑप्शन) मारू नका प्लीज. त्याने एरर जाते, पण नंतर नवीन पॅकेज काढलं की फाईलही जाते आणि जुनं पॅकेज मोडून बसतं.

आधी मालक शोधा, डीपीकेजीला कॅपिटल एस ऑप्शन (dpkg -S) देऊन फाईलचा पूर्ण पाथ द्या, पॅकेजचं नाव लगेच मिळतं. डिरेक्टरी कॉमन असेल तर काही प्रॉब्लेम नाही, ती कितीही पॅकेजेस वापरू शकतात, भांडण फक्त फाईलचं असतं.

पॅकेज तुम्हीच बनवत असाल आणि फाईल जुन्या पॅकेजमधून नव्यात हलवली असेल तर नव्याच्या कंट्रोल फाईलमध्ये (पॅकेजची माहिती असलेली फाईल) ब्रेक्स (Breaks, जुन्या व्हर्जनसोबत चालत नाही) आणि रिप्लेसेस (Replaces, त्याच्या फाईलवर लिहायची परवानगी) दोन्ही लिहा, सोबत ज्या व्हर्जनला फाईल हलली त्याच्या आधीची व्हर्जन्स असंही लिहा. नुसतं रिप्लेसेस लिहून भागत नाही, बरेच जण इथेच चुकतात, कारण मग जुनं व्हर्जन तसंच राहू शकतं आणि वर सांगितलेला गोंधळ होतो.

दोघांनाही तीच फाईल खरंच लागत असेल तर ती वेगळ्या कॉमन पॅकेजमध्ये टाका आणि दोघांना त्यावर डिपेंड करा. एडिटरसारखी एकाच कामाची बरीच टूल्स असतील तर अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (update-alternatives, त्यातलं कोणतं डिफॉल्ट ते ठरवणारं टूल) वापरा. तुमच्या मशीनवर फक्त एक फाईल बदलायची असेल तर डीपीकेजी-डायव्हर्ट (dpkg-divert, पॅकेजची फाईल दुसऱ्या नावाने ठेवायला लावणारं टूल) आहे, अपग्रेडनंतरही तुमची फाईल टिकते.