कॉम्पोनंट टेस्टरची चिप पुन्हा प्रोग्राम करताय? या चुका टाळा

ट्रान्झिस्टर, डायोड, रेझिस्टर किंवा कपॅसिटर तीन प्रोबमध्ये अडकवा आणि बटण दाबा. तो भाग कोणता, त्याचे पाय कोणते आणि मूल्य किती हे पडद्यावर दिसतं. मार्कुस फ्रेयेक यांनी सुरू केलेल्या आणि कार्ल-हाइन्त्स क्युब्बेलर यांनी पुढे वाढवलेल्या या टेस्टरच्या असंख्य आवृत्त्या आज हौशी मंडळींच्या टेबलावर आहेत. आत बहुतेक वेळा एटीमेगा३२८ हीच चिप असते. ती मरण्याचं नेहमीचं कारणही एकच: कोणीतरी भरलेला कपॅसिटर डिस्चार्ज न करता प्रोबला लावतो. मग नवी चिप आणायची, तिच्यात प्रोग्राम भरायचा आणि सॉकेटमध्ये बसवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण मी स्वतः आणि माझ्याकडे टेस्टर घेऊन आलेल्या मित्रांनी या वाटेवर त्याच त्या ठिकाणी ठेचा खाल्ल्या आहेत.

दोष प्रोग्रामचा आहे असं धरून चालणं

पडदा कोरा दिसला की पहिला संशय जातो तो प्रोग्राम उडाल्यावर. प्रत्यक्षात तसं फार क्वचित घडतं. एटीमेगा३२८पीच्या डेटाशीटनुसार फ्लॅशमधला (प्रोग्राम साठवणाऱ्या स्मृतीतला) मजकूर ८५ अंश सेल्सिअसला २० वर्षं आणि २५ अंशांना १०० वर्षं टिकतो. म्हणून प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरणारं साधन) हातात घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. चिपच्या पुरवठ्याच्या पिनवर ५ व्होल्ट येतात का? बॉर्डवर २.५ व्होल्टचा रेफरन्स (तुलनेसाठीचा स्थिर व्होल्टेज) असेल तर तो तेवढाच आहे का? डिस्प्लेच्या कॉन्ट्रास्टचा प्रीसेट फिरवून पाहिला का? टेस्टर मेला म्हणून आणून दिलेल्या बॉर्डांमध्ये बॅटरीच्या क्लिपची तार तुटलेली मला एकदा नव्हे, अनेकदा सापडली आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पोर्ट (बाहेरच्या भागांना जोडलेल्या पिना) जळालेली चिप प्रोग्रामरला व्यवस्थित उत्तर देऊ शकते. ओळख क्रमांक बरोबर येतो, प्रोग्राम लिहिला जातो, पडताळणीही पार पडते, आणि तरी टेस्टर मोकळ्या प्रोबवर कुठलातरी रेझिस्टर दाखवत राहतो. अशी चिप दहा वेळा प्रोग्राम केली तरी बरी होणार नाही. कारण जळालंय ते सिलिकॉन.

वाचण्याआधी पुसणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती मी केली आहे. एका टेस्टरमधली चिप चालू होती, फक्त मोजमाप थोडं वाकडं येत होतं. नवी आवृत्ती भरू म्हणून मी सरळ लिहायला घेतलं. लिहिण्याआधी सॉफ्टवेअर चिप आपोआप पुसतं हे मला माहीत होतं, पण जुना प्रोग्राम वाचून ठेवायचं राहून गेलं. नंतर लक्षात आलं की त्या बॉर्डचा डिस्प्ले वेगळ्या पद्धतीने जोडलेला आहे आणि त्याला जुळणारी फाइल माझ्याकडे नाही. पिनांचा माग काढून स्वतः प्रोग्राम संकलित करण्यात माझ्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

चिपमधला ऐवज म्हणजे केवळ प्रोग्राम नव्हे. फ्लॅश, ईईप्रॉम (मजकूर, स्थिरांक यांची छोटी स्मृती), फ्यूज (घड्याळ वगैरेंच्या मूळ सेटिंग) आणि लॉक (वाचन रोखणारं कुलूप) ही चार वेगवेगळी खाती आहेत. चारही वाचा आणि फाइली जपून ठेवा. फ्लॅश दोनदा वाचून दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून पाहा. त्या जुळल्या नाहीत तर जोडणी कच्ची आहे, आणि कच्च्या जोडणीवर लिहायला जाऊ नये.

आता लॉकविषयी. तयार मिळणाऱ्या बऱ्याच टेस्टरांत चिप लॉक केलेली असते. लॉक असलेली एव्हीआर (एटीमेगाच्या कुळातली) चिप वाचायला गेलात तर चूक दाखवली जात नाही, फाइल तयार होते; पण आत ००, ०१, ०२, ०३ अशी चढत जाणारी रांग असते. तो प्रोग्राम नाही. कोड प्रोटेक्शन लावलेल्या पिक या दुसऱ्या कुळातल्या चिपमधून नुसती शून्यं येतात. एसटीएम३२ या तिसऱ्या कुळातल्या चिपमध्ये वाचन-संरक्षणाची पहिली पातळी उतरवायला गेलं की चिप स्वतःच पूर्ण फ्लॅश पुसून टाकते. म्हणून वाचलेली फाइल उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ‘बॅकअप घेतला’ असं म्हणू नका. लॉक असलेल्या एव्हीआरमध्येही फ्यूज आणि ओळख क्रमांक वाचता येतात, एवढं तरी हाती लागतं. ते टिपून ठेवा. आणि लॉक असलेली चालू चिप पुसू नकाच; तिला काढून बाजूला ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या चिपवर करा.

नाव सारखं, चिप वेगळी

एटीमेगा३२८, ३२८पी आणि ३२८पीबी ही तीन भावंडं आहेत, पण प्रत्येकाचा ओळख क्रमांक वेगळा: अनुक्रमे १ई ९५ १४, १ई ९५ ०एफ आणि १ई ९५ १६. सॉफ्टवेअरमध्ये ‘३२८पी’ निवडलं आणि सॉकेटमध्ये साधी ३२८ असली तर ते अडून बसतं. या दोघींपुरतं बोलायचं तर फरक किरकोळ आहे, योग्य नाव निवडलं की काम होतं. पीबीचं मात्र तसं नाही. ३२ पायांच्या सपाट पॅकेजमध्ये ३२८पीची ३ नंबरची पिन ग्राउंड आणि ६ नंबरची पुरवठ्याची. पीबीमध्ये त्याच दोन पिना पोर्टच्या झाल्या आहेत.

क्रमांक ०० ०० ०० किंवा एफएफ एफएफ एफएफ असा आला तर तो क्रमांकच नव्हे. चिपशी बोलणंच झालेलं नाही असा त्याचा अर्थ. अशा वेळी ‘क्रमांक तपासू नको, सरळ लिही’ हा पर्याय वापरायचा मोह होतो. तो आवरा आणि तारा तपासा.

फाइलची निवड हाही याच जातीचा घोळ. एका टेस्टरला दोन ओळींचा अक्षरी डिस्प्ले असतो, दुसऱ्याला एसटी७५६५ या नियंत्रक चिपवर चालणारा ग्राफिक, तिसऱ्याला एसटी७७३५ वर चालणारा रंगीत. शिवाय एकाच डिस्प्लेच्या पिना दोन बॉर्डांवर वेगळ्या क्रमाने जोडलेल्या असू शकतात. फाइल चुकीची असली तर पडदा कोरा राहतो आणि माणूस पुन्हा फ्यूजशी खेळायला लागतो. तसं करण्याआधी मीटर बझरवर ठेवून डिस्प्लेची प्रत्येक पिन चिपच्या कुठल्या पायाला जाते ते कागदावर उतरवा.

फ्यूज आणि घड्याळ

इथे घाई अजिबात नको. फ्यूज तीन बाइटांत असतात (लो, हाय, एक्स्टेंडेड) आणि हेक्स आकड्यांत लिहितात. कारखान्यातून आलेल्या एटीमेगा३२८पीचा लो फ्यूज ६२ असतो, म्हणजे आतलं ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ आठने भागून १ मेगाहर्ट्झवर चालतं. आयएसपीचा (चिप सर्किटमध्येच ठेवून प्रोग्राम करण्याच्या पद्धतीचा) नियम असा की डेटा पाठवणाऱ्या घड्याळाचा वेग चिपच्या घड्याळाच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी हवा. म्हणजे नव्या कोऱ्या चिपसाठी २५० किलोहर्ट्झच्या खाली. यूएसबीएएसपी या यूएसबीवर चालणाऱ्या प्रोग्रामरचा नेहमीचा वेग ३७५ किलोहर्ट्झ असतो, म्हणून नवी चिप ‘सापडत नाही’. चिप खराब समजून फेकू नका. सॉफ्टवेअरमधून वेग कमी करा किंवा प्रोग्रामरवरचा संथ वेगाचा जम्पर लावा.

८ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर चालणाऱ्या टेस्टरसाठी लो एफ७, हाय डी९ आणि एक्स्टेंडेड एफसी हे फ्यूज वापरतात. फ्यूज लिहायचे विसरलात तर चिप १ मेगाहर्ट्झवरच राहते, टेस्टर आठपट संथ चालतो आणि वेळ मोजून काढलेली कपॅसिटरची मूल्यं भलतीच येतात. एक्स्टेंडेड फ्यूजमध्ये एफसी लिहून परत वाचल्यावर काही सॉफ्टवेअर ०४ दाखवतात. घाबरायचं कारण नाही. त्या बाइटचे खालचे तीनच बिट कामाचे आहेत आणि ते दोन्हींत सारखेच आहेत.

फ्यूजची भाषा उलटी आहे हे मात्र डोक्यात पक्कं बसवा. ० म्हणजे लागू, १ म्हणजे लागू नाही. चौकटीवर खूण करण्याच्या काही सॉफ्टवेअरमध्ये खूण म्हणजे ०, काहींत खूण म्हणजे १. या गोंधळात रीसेटची पिन बंद करणारा किंवा आयएसपी चालू ठेवणारा फ्यूज चुकून बदलला गेला तर साधा प्रोग्रामर त्या चिपशी पुन्हा बोलू शकत नाही. मग रीसेटवर १२ व्होल्ट देणारा हाय व्होल्टेज प्रोग्रामरच लागतो. या दोन फ्यूजना हात लावण्याचं टेस्टरच्या कामात काहीच कारण नाही.

बॉर्डवर क्रिस्टल नसताना बाहेरच्या क्रिस्टलचा फ्यूज लावला तरी चिप गप्प होते, पण हे दुखणं बरं होतं. चिपच्या एक्सटीएएल१ या घड्याळाच्या पिनवर दुसऱ्या कुठल्याही मायक्रोकंट्रोलरमधून १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल द्या, प्रोग्रामरचा वेग संथ ठेवा आणि फ्यूज दुरुस्त करा. या उपायाने ‘मेलेल्या’ चिपा मी परत उठवल्या आहेत, आणि तो आनंद अजून ओसरलेला नाही.

चिप बॉर्डवरच ठेवून प्रोग्राम करताना

या टेस्टरची एक खोड आहे. बटण दाबल्यावर पुरवठा चालू होतो आणि पुढे चिप स्वतः एका ट्रान्झिस्टरमार्फत तो धरून ठेवते. प्रोग्रामर चिपला रीसेटमध्ये नेतो, चिपची पकड सुटते आणि पुरवठा जातो. परिणामी ओळख एकदा पटते, एकदा नाही, किंवा लिहिणं अर्ध्यात तुटतं. उपाय दोन: काम संपेपर्यंत बटण दाबून धरा, किंवा ५ व्होल्ट प्रोग्रामरमधून द्या. दुसरा मार्ग घेतला तर ९ व्होल्टची बॅटरी आधी काढा. दोन पुरवठे एकाच रेषेवर आणू नका.

आयएसपीच्या तीन तारा ज्या पिनांवर जातात, त्याच पिना ६८० ओहम आणि ४७० किलोओहमच्या रेझिस्टरांमधून प्रोबलाही जोडलेल्या आहेत. प्रोबमध्ये कपॅसिटर किंवा दुसरं काही अडकलेलं असेल तर सिग्नल बिघडतो. प्रोब मोकळे ठेवा, तारा आखूड ठेवा.

अर्डुइनोला प्रोग्रामर म्हणून वापरत असाल तर आधी त्यात आयएसपीचं स्केच (अर्डुइनोचा प्रोग्राम) भरा आणि मगच त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. तो नसेल तर अर्डुइनो स्वतःच रीसेट होत राहतो. आधीच लावलात तर स्केच चढत नाही.

३.३ व्होल्टच्या बॉर्डला ५ व्होल्टचा प्रोग्रामर जोडू नका. काही स्वस्त यूएसबीएएसपींवर व्होल्टेजचा जम्पर असतो, पण तो फक्त पुरवठा बदलतो. सिग्नल ५ व्होल्टचेच राहतात. एसटीएम३२एफ१०३ च्या पुरवठ्याची कमाल सहनशक्ती ४ व्होल्ट आहे.

ईईप्रॉम विसरणं

प्रोग्राम चढला, फ्यूज बरोबर आहेत, टेस्टर चालू होतो, पण पडद्यावर शब्दांऐवजी विचित्र चिन्हं? बहुधा ईईप्रॉमची फाइल राहिली आहे. क्युब्बेलर यांच्या प्रोग्रामच्या बऱ्याच बांधणींत पडद्यावरचे मजकूर आणि काही स्थिरांक ईईप्रॉममध्ये असतात, म्हणून हेक्स फाइलीसोबत ईईपी फाइलही येते. दोन्ही एकाच संकलनातल्या हव्यात, आणि क्रम असा: आधी फ्लॅश, मग ईईप्रॉम. उलट केलंत तर फ्लॅश लिहिताना होणाऱ्या पुसण्यात ईईप्रॉमही जातं. ते टिकवून ठेवायचं असेल तर हाय फ्यूज डी९ ऐवजी डी१ ठेवतात. इतर उपकरणांत हा मुद्दा आणखी गंभीर आहे, कारण तिथे ईईप्रॉममध्ये कॅलिब्रेशन असतं आणि ते त्या एका उपकरणाचंच असतं. दुसरीकडून आणलेली फाइल चालत नाही.

चिप एव्हीआर नसेल तर

हौशी ऑसिलोस्कोपांत बरेचदा एसटीएम३२एफ१०३ असतो. बूट० पिन पुरवठ्याच्या व्होल्टेजला जोडून सिरियल पोर्टवरून लिहिताना पॅरिटी ‘ईव्हन’ ठेवा. ‘नन’ ठेवली तर उत्तरच येत नाही. बिन फाइलमध्ये पत्ता नसतो, तो तुम्हाला द्यावा लागतो: ०८००००००. काम झाल्यावर बूटचा जम्पर काढा, नाहीतर पुन्हा बूटलोडरच (चिपमधला लिहून घेणारा प्रोग्राम) सुरू होईल.

फ्रीक्वेन्सी काउंटर आणि एलसी मीटरमध्ये पिक१६एफ६२८ए भेटतो. कमी व्होल्टेजने प्रोग्राम करण्याची सोय चालू राहिली आणि आरबी४ पिन अधांतरी असली तर चिप मध्येच प्रोग्रामिंग मोडमध्ये जाऊन बसते. पिक१२एफ६७५ असेल तर पुसण्याआधी ३एफएफ पत्त्यावरचा शब्द लिहून ठेवा. आतल्या घड्याळाचं कॅलिब्रेशन तिथे असतं आणि प्रत्येक चिपचं वेगळं असतं.

लिहून झाल्यावर

टेस्टर चालू झाला म्हणून लगेच झाकण लावू नका. तिन्ही प्रोब एकत्र शॉर्ट करून बटण दाबा, स्वयंचाचणी सुरू होईल. ती शॉर्ट काढायला सांगेल तेव्हा काढा, नंतर कपॅसिटर मागेल तेव्हा १ आणि ३ मध्ये १०० नॅनोफॅरडपेक्षा मोठा फिल्म कपॅसिटर लावा. इलेक्ट्रोलिटिक नको. त्यानंतर एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर घ्या आणि तो १–२, २–३ आणि १–३ अशा तिन्ही जोड्यांवर मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एकाच प्रोबच्या दोन्ही जोड्या चुकीच्या आल्या तर त्या प्रोबचे ६८० ओहम आणि ४७० किलोओहमचे रेझिस्टर आणि सोल्डरचे सांधे तपासा. तिन्ही जोड्या एकाच दिशेने चुकत असतील तर पुरवठा आणि रेफरन्स पुन्हा मोजा.

मी आता फ्यूजचे तीन आकडे, चिपचं पूर्ण नाव आणि फाइलचं नाव एका चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या आतून चिकटवतो. शेजारी मोठ्या अक्षरांत आणखी एक ओळ असते: कपॅसिटर आधी डिस्चार्ज कर.