शेवंती उंच वाढते, पण फुलं मोजकीच? शेंडा खुडा

बेळगाव-खानापूर भागात आषाढापासून पाऊस धरला की कुंडीतली शेवंती सरळ उंच जाते आणि वाऱ्यानं आडवी पडते. मग ऐन दसरा-दिवाळीत फुलं चारच, आणि बाजारात शेवंतीचा भाव चढलेला.

उपाय सोपा आहे:

१. रोप वीतभर झालं की वरचा शेंडा, दोन-तीन पानांसह, नखानं खुडा. दांडा कोवळा असतो, टचकन तुटतो. खाली पानांच्या बेचक्यातून नवे फुटवे येतात.

२. फुटवे चार बोटं वाढले की त्यांचेही शेंडे खुडा. झाड बुटकं, डेरेदार होतं. जितके फुटवे तितक्या कळ्या.

३. खुडलेले शेंडे टाकू नका! दुसऱ्या खुडणीला ते थोडे लांब घ्या, खालची पानं काढा आणि ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. नवीन रोपं फुकटात, शेजारी द्यायलाही पुरतात.

कुंडी मात्र कौलाच्या दोन तुकड्यांवर उचलून ठेवा. आपली तांबडी माती संततधारेत चिकट होते, कुंडीचं भोक बुजतं आणि मुळं कुजतात. माती भरतानाच वाळू आणि शेणखत मिसळलेलं बरं.

एक सांभाळा: ऑगस्ट संपला की खुडणं बंद. त्यानंतर शेंड्यात कळ्या धरू लागतात, आणि खुडलं तर फुलंच जातात.