नव्या क्वार्टर-बोअर (पाव इंची नळीच्या) रायफलीसाठी गोळ्या घेण्याआधी नळीचा पीळ मोजा

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी .२५-०६ काडतुसाची रायफल घेतली की आधी गोळ्यांचे डबे आणले जातात. पण नळीतल्या पीळदार खाचा गोळीला फिरवतात; एका फेऱ्याला जास्त इंच लागले की पीळ मंद, आणि लांब, जड गोळी मंद पिळात स्थिर राहत नाही.

१. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढा.
२. मूठ स्थिर धरली तरी फिरणाऱ्या सफाईच्या सळईला घट्ट चिंधी लावून ती नळीत सरकवा, सळईवर खूण करा.
३. सळई ओढा. खुणेचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो ते मोजा.

१० इंच आले तर १०० ते ११७ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी घ्या, हरणाला भरपूर झाले. त्याच व्यासाच्या जुन्या .२५० सॅव्हेज काडतुसाच्या रायफलीतल्या १४ इंची पिळात १०० ग्रेनचीही खात्री नसते. निव्वळ तांब्याची गोळी तेवढ्याच वजनाला जास्त लांब असते, हे विसरू नका.

काडतुसं स्वतः भरत असाल तर बंदुकीच्या दारूचं माप छापील लोडिंग पुस्तकातलंच, तेही सर्वांत कमी आकड्यापासून.