मुंबईच्या घरात काचमण्यांचा स्टुडिओ: आधी हवा, मग भट्टी, टॉर्च सगळ्यात शेवटी

लॅम्पवर्कला, म्हणजे ज्योतीवर काच मऊ करून मणी घडवण्याला, जागा फार लागत नाही. चार फूट बाय दोन फुटांचं टेबल, त्यावर घट्ट बसवलेला गॅसचा टॉर्च, हाताशी काचेच्या कांड्या. कांडी ज्योतीत मऊ करायची आणि लेप लावलेल्या स्टीलच्या सळईवर गुंडाळायची, एवढंच मूळ काम. म्हणून बहुतेक जण आधी टॉर्च घेतात. मग पहिल्याच दिवशी दोन प्रश्न उभे राहतात: ज्योतीतून निघणारे वायू जाणार कुठे, आणि झालेला मणी ठेवायचा कुठे? खरेदीचा क्रम उलटा ठेवा. आधी हवेची सोय, मग भट्टी, टॉर्च त्यानंतर.

हवा

टॉर्चच्या ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर काम तिथेच थांबवा, गॅस बंद करा आणि खोलीबाहेर पडा. नुसती खिडकी उघडी ठेवून भागत नाही. टेबलावर समोरून उघडा आणि तीन बाजूंनी बंद असा पत्र्याचा हूड हवा, म्हणजे गरम हवा तुमच्या नाकापर्यंत येण्याआधीच ओढली जाते.

हिशेब सोपा आहे. हूडचं तोंड तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असेल तर ते सहा चौरस फूट झालं. तिथून हवा मिनिटाला साधारण १०० फूट वेगाने आत जायला हवी, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट, तासाला सुमारे १,००० घनमीटर. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा डक्ट (हवा बाहेर नेणारा पाइप) नसतानाचा असतो. डक्टची लांबी आणि प्रत्येक वळण त्यातून कापून घेतं, म्हणून तासाला १,५०० घनमीटरच्या आसपासचा पंखा घ्या. डक्ट धातूचाच, आठ इंची, शक्य तितका सरळ. पीव्हीसीचा पाइप इथे चालणार नाही.

मुंबईत खिडकीची दिशा बघावी लागते. पश्चिमेच्या खिडकीत एक्झॉस्ट लावला तर दुपारनंतर समुद्राकडचा वारा सगळं परत आत लोटतो, पावसाळ्यात तर दिवसभर. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी मिळाली तर तीच घ्या. नाइलाज असेल तर बाहेरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी लावा. बंदिस्त केलेल्या बाल्कनीचा मोह सगळ्यांनाच होतो, पण स्लायडिंगच्या फटींतून येणारा वारा ज्योत हलवतो आणि मण्याची एकच बाजू गार करतो. मणी तडकायला तेवढं पुरतं. त्याच कारणासाठी काम चालू असताना छताचा पंखा बंद. मे महिन्यात हे जड जातं, म्हणून सकाळी लवकर बसा.

जितकी हवा बाहेर जाईल तितकी आत यायलाही हवी. तुमच्या पाठीमागचं दार किंवा खिडकी उघडी ठेवा. सगळं बंद असेल तर पंखा मिळेल तिथून हवा ओढतो, आणि बाथरूममध्ये गॅस गीझर चालू असेल तर त्याचा धूर उलटा घरात येतो. काम चालू असताना गॅस गीझर लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तपासायला उदबत्ती पुरते. पंखा चालू करून ती टेबलाच्या पुढच्या कडेवर नाकाच्या उंचीला धरा. धुराची रेघ थेट हूडमध्ये गेली पाहिजे. ती रेंगाळली किंवा तुमच्याकडे वळली तर टॉर्च पेटवण्याची वेळ अजून आलेली नाही.

भट्टी

मणी बाहेरून गार झाला तरी आतून गरम असतो. दोन्हींचं आकुंचन वेगवेगळ्या वेळी झालं की काचेत ताण अडकतो, आणि तो मणी तासाभराने नाही तर तीन महिन्यांनी गळ्यात असताना दुभंगतो. हा ताण घालवायचा तर मणी ठरावीक तापमानाला ठेवून सावकाश गार करावा लागतो. यालाच ॲनीलिंग म्हणतात. व्हर्मिक्युलाइट (हलक्या, सच्छिद्र खनिजाचे दाणे) नर्सरीत मिळतं आणि त्यात मणी खुपसून ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्याने मणी फक्त हळू गार होतो, ॲनील होत नाही. सरावाचे मणी त्यात ठेवा, विकायचे नाहीत.

लहान इलेक्ट्रिक भट्टी पुरते: दीड ते दोन किलोवॉट, के टाइप थर्मोकपल (आतलं तापमान मोजणारा सेन्सर), आणि टप्प्याटप्प्याने तापमान बदलता येणारा कंट्रोलर. सोन्याचांदीच्या ओतकामासाठी मेणाचे साचे जाळायला वापरतात ती बर्नआउट भट्टीही चालते, फक्त कंट्रोलर असा हवा. १०४ सीओईच्या (हा काचेच्या प्रसरणाचा आकडा, पुढे येतोच) मऊ काचेसाठी काम चालू असताना भट्टी ५१० अंश सेल्सियसवर ठेवा. शेवटचा मणी आत गेल्यावर एक तास तेच तापमान, मग तासाला ६० अंशांच्या गतीने ३७० पर्यंत, याला सव्वादोन-अडीच तास लागतात. त्यानंतर भट्टी बंद. दार सकाळीच उघडा. मणी जाड असेल तर पहिला टप्पा लांबवा.

भट्टीला वेगळी १६ अँपिअरची लाइन आणि एमसीबी, नीट अर्थिंग, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) घ्या. हे सामान लोहार चाळीत मिळेल, पण जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. इथे एक धोका हमखास दुर्लक्षित होतो: हातातली सळई धातूची आहे आणि भट्टीतल्या कॉइलमध्ये वीज आहे. सळई कॉइलला टेकली की झटका हाताला बसतो. दार उघडताच वीज तुटेल असा डोअर स्विच नसेल तर तो बसवल्याशिवाय भट्टी वापरू नका.

गॅस, ऑक्सिजन, टॉर्च

घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर या कामाला वापरणं नियमबाह्य आहे. पाच किलोचा छोटा बाजारभावाचा सिलिंडर घ्या. पाइप गॅसच्या लाइनला स्वतः हात लावू नका, शिवाय तिचा घरातला दाब फक्त २१ मिलीबार असतो. शेगडीचा रेग्युलेटरही कमी दाबाचा. टॉर्चला दाब कमी-जास्त करता येणारा, गेज असलेला एलपीजी रेग्युलेटर लागतो. सुरुवातीला ३ ते ५ पीएसआय ठेवा.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो आणि मोरीच्या जाळीत उतरतो. सिलिंडर उभा, हवेशीर जागी आणि मोरीपासून लांब ठेवा. गॅस डिटेक्टर जमिनीपासून फूटभरावर लावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र तोंडाच्या उंचीला हवा. काम संपलं की गॅस सिलिंडरवरच बंद करायचा, टॉर्चच्या चावीवर विसंबायचं नाही.

ऑक्सिजनसाठी मिनिटाला पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर लहान टॉर्चला पुरतो, आणि घरात मोठा दाबाचा सिलिंडर ठेवावा लागत नाही. कोविडच्या काळात घेतलेले पुष्कळ आता जुन्यात मिळतात, पण घेण्याआधी पूर्ण प्रवाहावर ऑक्सिजनचं प्रमाण मोजून घ्या. चांगल्या यंत्रात ते ९० टक्क्यांच्या वर असतं. आतला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषणारे दाणे) दमटपणाने खराब होतो, म्हणून पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद ठेवू नका. ते हूडपासून लांब, स्वच्छ हवेत ठेवा.

टॉर्च सरफेस मिक्स प्रकारचा घ्या. यात गॅस आणि ऑक्सिजन तोंडाबाहेर मिसळतात, त्यामुळे ज्योत आत उलटण्याचा धोका खूप कमी. तरी दोन्ही लाइनवर फ्लॅशबॅक अरेस्टर (उलटलेली ज्योत नळीत अडवणारा भाग) लावाच. नळी निळी ऑक्सिजनची, लाल गॅसची. नागदेवी स्ट्रीटवर घेताना ‘एलपीजीला चालणारी’ असं सांगून घ्या, कारण फक्त ॲसिटिलीनसाठी केलेली नळी एलपीजीने खराब होते. गॅसच्या नटांना उलटे आटे असतात आणि कडेला खाच असते. जोर लावण्याआधी खाच बघा. ऑक्सिजनच्या जोडांना तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासा.

टेबलावर सिमेंट बोर्ड टाकून वर स्टेनलेस स्टीलचा पत्रा. गॅल्व्हनाइझ्ड पत्रा नको, तापला की जस्ताचा धूर सोडतो. चष्मा डिडिमियमचाच लागतो. तापलेल्या काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळीधमक होते, आणि हा चष्मा नेमका तोच पिवळा प्रकाश गाळतो. साधा गॉगल लावला तर पिवळा तसाच राहतो, बाकी सगळं अंधारतं.

काच आणि सळया

सीओई म्हणजे काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचा आकडा. मुरानोच्या मऊ कांड्या १०४ च्या, बोरोसिलिकेट ३३ ची. एका मण्यात दोन्ही आल्या की मणी फुटणारच. फिरोजाबादकडच्या स्वस्त कांड्या सरावाला छान आहेत, फक्त सीओई लिहिलेला नसेल तर चाचणी करा. दोन कांड्यांची टोकं शेजारी शेजारी चिकटवून वितळवा आणि केसासारखी तार ओढा. गार झाल्यावर तार सरळ राहिली तर जोडी जमली. वाकली तर आतल्या बाजूची काच जास्त आकसते, त्या दोन्ही एकत्र वापरू नका.

सळयांसाठी स्टेनलेस स्टीलच्या २.४ मिलिमीटरच्या टिग वेल्डिंग रॉडचे फूटभराचे तुकडे उत्तम. टोकं कानशीने घासा आणि बीड रिलीजच्या (मणी सळईवरून सुटावा म्हणून लावायच्या) लेपात दोन इंच बुडवा. लेप दह्याच्या चक्क्यासारखा दाट नको, पातळ मलईसारखा हवा. जुलै-ऑगस्टमध्ये तो रात्रभरातही पुरता वाळत नाही. ओल राहिली की ज्योतीत वाफ होऊन लेपाची खपली उडते आणि काच स्टीलला चिकटते. पावसाळ्यात सळया हळू ज्योतीत, लांबून वाळवा.

पहिला मणी

आधी गॅस थोडा उघडून पेटवा, मग ऑक्सिजन वाढवत न्या. तोंडाशी पाच-सहा मिलिमीटरचे टोकदार निळे शंकू दिसले की ज्योत समतोल आहे. शंकू लांब आणि मऊ दिसले तर गॅस जास्त झालाय, त्यात फिरोजी काचेवर तांबूस थर येतो.

कांडी थेट ज्योतीत नेली तर टोक फुटून तुकडे उडतात. ज्योतीच्या लांबच्या टोकात फिरवत सावकाश आत आणा. सळईवरचा लेप मंद लाल होईपर्यंत तापवा आणि मगच काच टेकवा. सळई गार असेल तर काच धरत नाही आणि भोकाशी चीर जाते. एक पूर्ण फेरा झाला की कांडी ज्योतीत तोडा आणि सळई सतत फिरवत ठेवा. मण्याची टोकं धारदार राहिली तर पट्टा रुंद आणि काच कमी झाली. आणखी काच घाला, टोकं आपोआप आत वळतील.

मणी भट्टीत कधी टाकायचा? ज्योतीबाहेर फिरवत टेबलाखालच्या अंधारात धरा. उजेडात गार वाटणारा मणी तिथे निखाऱ्यासारखा दिसतो. ती लाली पूर्ण गेली की लगेच भट्टीत. आधी टाकलात तर फरशीचा ठसा उठेल, उशीर केलात तर तडा जाईल.

दुसऱ्या दिवशी मणी सळईसकट पाण्यात भिजवा, पकडीने सळई धरून मणी पिळून काढा आणि भोकातला लेप पाण्यातच डायमंड रीमरने (हिऱ्याची कणी लावलेल्या बारीक कानशीने) घासा. कोरडा घासल्यास त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते.

अंगावर सुती कपडे, केस बांधलेले, पायात बंद बूट. ओढणी किंवा सुटा पदर नको. हाताशी एबीसी पावडरचं अग्निशामक ठेवा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नाही. सोसायटीच्या कमिटीला आधीच लेखी कळवा आणि परवानगी कागदावर घ्या. नाही मिळाली तर महिन्यातले काही दिवस एखादा गाळा भाड्याने घेऊन काम करा, पण लपवून फ्लॅटमध्ये गॅस ठेवू नका.